पायथनमध्ये चालू प्रोग्रॅममधून क्लास तयार करणे: टाइप, एक्झेक की आधीच लिहून ठेवलेली फाइल?

रात्रपाळी (प्रश्न)

नमस्कार. एका पतसंस्थेच्या दैनंदिन व्यवहारांची फाइल वाचून तिची तपासणी करणारा प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहीत आहे. फाइल जुन्या वळणाची आहे. प्रत्येक ओळीतील पहिले दोन अंक रेकॉर्डचा प्रकार सांगतात, आणि त्यापुढील प्रत्येक फील्ड ठरावीक स्थानापासून ठरावीक स्थानापर्यंत असते. मध्ये स्वल्पविराम किंवा टॅब असे काही नसते. रेकॉर्डचे प्रकार ४३ आहेत आणि सगळी मिळून फील्डे सहाशेच्या पुढे जातात. कोणते फील्ड कोठून कोठपर्यंत, त्यात अंक आहेत, मजकूर आहे की तारीख, ही सारी माहिती संस्थेने एका एक्सेल तक्त्यात दिली आहे, आणि तो तक्ता वर्षातून एक-दोनदा बदलतो.

हाताने ४३ क्लास लिहिण्याचा कंटाळा आला, म्हणून तक्ता सीएसव्हीमध्ये उतरवला आणि प्रोग्रॅम सुरू होताना त्यातूनच क्लास तयार करायचे ठरवले. आधी प्रत्येक क्लासचा कोड स्ट्रिंग म्हणून जोडत नेला आणि स्ट्रिंगमधील मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या एक्झेकला दिला. ते चालले, परंतु सहकाऱ्याने नाक मुरडले. मग टाइप हे फंक्शन तीन आर्ग्युमेंट देऊन वापरले: क्लासचे नाव, बेस क्लासांचे टपल आणि अ‍ॅट्रिब्यूटांची डिक्शनरी. प्रत्येक फील्डसाठी ओळीचा योग्य तुकडा कापून देणारे एक लहान फंक्शन लूपमध्ये बनवले, ते प्रॉपर्टीत गुंडाळले आणि त्या डिक्शनरीत ठेवले. तयार झालेले क्लास मुख्य फाइलच्या ग्लोबल्समध्ये टाकले. हे सर्व काम, पद्धत आहे म्हणून, "ही फाइल थेट चालवली असेल तरच" या अटीच्या आत केले आहे.

आता अडचण अशी की प्रत्येक प्रॉपर्टी शेवटच्या फील्डचीच किंमत देते. खाते क्रमांक मागितला तरी शेरा मिळतो, रक्कम मागितली तरी शेराच. याशिवाय काम चार प्रोसेसमध्ये वाटण्यासाठी मल्टिप्रोसेसिंगचा पूल लावला आहे. तो माझ्या लिनक्स लॅपटॉपवर सुरळीत चालतो, आणि संस्थेच्या विंडोज संगणकावर मात्र "मुख्य मॉड्यूलमध्ये या नावाचे अ‍ॅट्रिब्यूट सापडत नाही" अशा अर्थाची एरर देऊन थांबतो. आणि मुळात ही वाट बरोबर आहे का, की यासाठी मेटाक्लासच (क्लास कसा घडावा हे ठरवणारा क्लास) शिकून घ्यावा, हेही जाणकारांनी सांगावे.

अर्धविराम

कोड चिकटवण्याऐवजी शब्दांतच सांगतो, म्हणजे कारण लक्षात राहील. ज्या नावांच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर असतात, त्यांना नेहमीप्रमाणे "डंडर" म्हणतो.

आधी सहकाऱ्याच्या नाकाविषयी. टाइपला तीन आर्ग्युमेंट देऊन क्लास बनवणे ही कोणतीही आडवाट नाही. आपण क्लास हा कीवर्ड लिहितो तेव्हाही पायथन क्लासच्या अंगातील ओळी चालवतो, त्यातून तयार झालेली नावे एका डिक्शनरीत गोळा करतो आणि शेवटी नाव, बेस क्लास व ती डिक्शनरी टाइपच्याच हाती देतो. क्लास हेही एक ऑब्जेक्टच आहे आणि टाइप हा त्याचा क्लास आहे, इतके मान्य केले की यातील गूढ संपते.

तुमच्या शेराचे कारण टाइपमध्ये नसून लूपमध्ये आहे. लूपच्या आत लिहिलेले फंक्शन बाहेरच्या व्हेरिएबलची किंमत स्वतःजवळ ठेवत नाही. ते व्हेरिएबलच लक्षात ठेवते आणि किंमत प्रत्यक्ष बोलावले जाईल त्या क्षणी विचारते. तुमची सगळी फंक्शने लूप संपल्यावर बोलावली जातात, तेव्हा "पासून" आणि "पर्यंत" या व्हेरिएबलांत शेवटच्या फील्डचे आकडे बसलेले असतात, आणि त्यामुळे प्रत्येक फंक्शन प्रामाणिकपणे शेराच कापून देते. यावर जुना उपाय असा की दोन्ही आकडे फंक्शनच्या डिफॉल्ट आर्ग्युमेंटांत ठेवावेत, कारण डिफॉल्टची किंमत फंक्शन तयार होतानाच ठरते. त्याहून स्वच्छ उपाय म्हणजे आकडे घेऊन फंक्शन परत करणारे वेगळे फंक्शन लिहावे आणि लूपमधून त्याला बोलवावे, म्हणजे प्रत्येक फेरीला स्वतःची स्वतंत्र व्हेरिएबले मिळतात.

मी मात्र तुमच्या जागी असतो तर फंक्शने बनवलीच नसती. फील्ड नावाचा एक डिस्क्रिप्टर क्लास लिहिला असता, म्हणजे फील्ड वाचले की काय परत द्यायचे ते स्वतः ठरवणारा क्लास. त्याच्या प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये पासून, पर्यंत आणि रूपांतर करणारे फंक्शन राहील, आणि डंडर-गेट या मेथडमध्ये कच्च्या ओळीचा तुकडा कापून, रूपांतर करून परत करता येईल. लूप तेव्हा फक्त फील्डची ऑब्जेक्टे तयार करून डिक्शनरीत ठेवते, क्लोजरचा, म्हणजे बाहेरचे व्हेरिएबल धरून ठेवणाऱ्या फंक्शनचा, प्रश्नच उरत नाही. पायथन ३.६ पासून क्लास तयार होताना प्रत्येक डिस्क्रिप्टरची डंडर-सेट-नेम ही मेथड आपोआप बोलावली जाते, त्यामुळे "रक्कम या फील्डमध्ये अंकांऐवजी मजकूर आहे" अशी नावासकट एररही देता येते. एक खबरदारी घ्यावी: ही मेथड क्लास जन्माला येतानाच्या डिक्शनरीतील गोष्टींपुरतीच बोलावली जाते. क्लास तयार झाल्यावर सेट-अ‍ॅट्रने फील्ड चिकटवले, तर त्याला स्वतःचे नाव कधीच कळत नाही. स्लॉट्सचेही (ऑब्जेक्टमध्ये कोणती नावे असतील ते आधीच ठरवून मेमरी वाचवणारी यादी) तसेच आहे. ते जन्मतः डिक्शनरीत नसतील, तर नंतर लावून काहीही होत नाही.

आणखी एक खड्डा पुढे नक्की लागेल, म्हणून आताच सांगतो. क्लासच्या बाहेर लिहिलेले फंक्शन तुम्ही मेथड म्हणून डिक्शनरीत ठेवले आणि त्यात रिकाम्या कंसाचे सुपर वापरले, तर "डंडर-क्लासचा सेल सापडला नाही" अशी रनटाइम एरर येते. तो सेल क्लास कीवर्डच्या अंगात लिहिलेल्या मेथडसाठी कंपायलर तयार करतो, टाइप नव्हे. तेथे सुपरला क्लास आणि सेल्फ ही दोन्ही आर्ग्युमेंटे स्पष्टपणे द्यावी लागतात.

मेटाक्लास जरूर शिकावा, पण या कामासाठी नव्हे. पोटक्लास तयार झाल्याची खबर बेस क्लासला मिळावी एवढीच गरज असेल, तर डंडर-इनिट-सबक्लास ही मेथड पुरते, तीही ३.६ मधलीच आहे. मेटाक्लास आणला की दुसऱ्या कोणाच्या मेटाक्लासशी तो भांडण्याची शक्यताही येते: दोन बेस क्लासांचे मेटाक्लास वेगवेगळे असतील आणि एक दुसऱ्याचा वारस नसेल, तर पायथन क्लास बनवण्यास साफ नकार देतो.

जुना_लिपिक

वरचे उत्तर बिनचूक आहे, फक्त ते एका प्रश्नाला वळसा घालून गेले आहे. तुम्हाला ४३ क्लास कशासाठी हवे आहेत?

क्लास वेगळा हवा तो वागणूक वेगळी असेल तेव्हा. तुमच्या वर्णनावरून ४३ प्रकारांत फरक आहे तो मांडणीचा, म्हणजे निव्वळ माहितीचा. एकच रेकॉर्ड क्लास ठेवा, त्याला कच्ची ओळ आणि मांडणीचे ऑब्जेक्ट द्या, आणि फील्ड मागितले की मांडणीत बघून तुकडा कापून द्या. पूल, पिकल (ऑब्जेक्ट दुसऱ्या प्रोसेसकडे पाठवण्यासाठी बाइटांत उतरवणे), क्लोजर यांपैकी कशाचाही उपद्रव होणार नाही, कारण क्लास एकच असेल आणि तो फाइलमध्ये सर्वांना दिसेल असा लिहिलेला असेल.

मी हे पुस्तकी सांगत नाही. पूर्वीच्या एका नोकरीत आमच्या सर्व्हरवर वापरकर्त्याने चढवलेल्या प्रत्येक फाइलसाठी तिच्या शीर्षकांवरून नवा क्लास तयार होत असे. सकाळी सर्व्हर चालू केला की संध्याकाळपर्यंत मेमरी भरत जाई. क्लास ही हलकी वस्तू नाही. रिकामा क्लाससुद्धा किमान हजारभर बाइट घेतो, आणि आपल्या पूर्वजांच्या यादीत प्रत्येक क्लास स्वतःलाही धरून असल्यामुळे केवळ संदर्भ मोजून तो मोकळा होत नाही, त्यासाठी चक्रे शोधणाऱ्या कचरासंकलकाची वाट पाहावी लागते. आम्ही तर वर सर्व क्लास एका नोंदवहीतही ठेवत होतो, म्हणजे ते मोकळे होण्याची वाटही आम्हीच बंद केली होती. याहून त्रासदायक दोष दुसराच होता. एकाच शीर्षकांची फाइल दोनदा आली की एकाच नावाचे, एकसारखे दिसणारे दोन क्लास तयार होत, आणि ऑब्जेक्ट अमुक क्लासचे आहे का हे सांगणारे इझ-इन्स्टन्स "नाही" म्हणे. लॉगमध्ये दोन्ही नावे अक्षरशः सारखी. त्या "नाही"पायी दोन दिवस गेले.

आणि वेगळे क्लास हवेच असतील, तर ते चालू प्रोग्रॅममध्ये कशाला? तक्ता वर्षातून दोनदा बदलतो, प्रोग्रॅम रोज चालतो. तक्ता वाचून साधी पायथन फाइल लिहून काढणारी लहान स्क्रिप्ट करा, ती तक्ता बदलेल तेव्हाच चालवा, आणि निघालेली फाइल बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवा. संस्थेने काय बदलले ते डिफमध्ये ओळीने दिसेल, एडिटर फील्डांची नावे सुचवेल, कोड न चालवता तपासणारे मायपायसारखे तपासनीसही ती समजून घेतील. टाइपने घडवलेल्या क्लासमध्ये कोणती फील्डे आहेत हे प्रोग्रॅम न चालवता त्यांना कळण्याचा मार्ग नाही.

उंबरठा

पूलच्या अडचणीवर अजून कोणी बोललेले नाही, आणि ती येथे सर्वांत बोधप्रद आहे.

एका प्रोसेसमधून दुसऱ्या प्रोसेसमध्ये ऑब्जेक्ट पाठवताना पायथन ते पिकल करतो. पिकलमध्ये ऑब्जेक्टची माहिती जाते, पण क्लास जात नाही. जातो तो क्लासचा पत्ता, म्हणजे मॉड्यूलचे नाव आणि त्या मॉड्यूलमधील क्लासचे पूर्ण नाव. पलीकडची प्रोसेस ते मॉड्यूल इम्पोर्ट करते आणि त्या नावाचे अ‍ॅट्रिब्यूट मागते. ते तेथे असले तर ठीक, नसले तर तुम्हाला दिसली ती एरर.

लिनक्सवर पायथन ३.१४ पूर्वी नवी प्रोसेस डिफॉल्टने फोर्कने तयार होत असे. फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची जशीच्या तशी प्रत, त्यामुळे पूल उघडण्यापूर्वी तुम्ही ग्लोबल्समध्ये टाकलेले ४३ क्लास त्या प्रतीला वारशाने मिळतात. विंडोजवर फोर्क नाही. तेथे कोरी प्रोसेस सुरू होऊन तुमची मुख्य फाइल नव्याने इम्पोर्ट करते, आणि तुम्ही क्लास तयार करण्याचे काम "थेट चालवली असेल तरच" या अटीच्या आत ठेवल्यामुळे ते तिच्यात होतच नाही. मॅकओएसवरही ३.८ पासून डिफॉल्ट हीच पद्धत आहे. आणि लिनक्सवर चालते म्हणून निर्धास्त राहू नये, कारण ३.१४ पासून तेथील डिफॉल्टही फोर्क राहिलेला नाही. त्याची जागा फोर्क-सर्व्हरने घेतली आहे. म्हणजे विंडोजने तुम्हाला थोडे आधी सावध केले, इतकेच.

उपाय असा की क्लास तयार करण्याचे काम एका स्वतंत्र मॉड्यूलमध्ये, कोणत्याही अटीबाहेर, इम्पोर्ट होतानाच होऊ द्यावे आणि प्रत्येक क्लास त्याच मॉड्यूलच्या ग्लोबल्समध्ये त्याच नावाने ठेवावा. येथे एक बारकावा आहे. टाइपला दिलेले नाव आणि तुम्ही तो क्लास ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवता त्याचे नाव यांचा पायथनच्या दृष्टीने काहीही संबंध नाही. (रूबीत निनावी क्लास पहिल्यांदा एखाद्या कॉन्स्टंटमध्ये ठेवला की त्याला ते नाव आपोआप मिळते, पायथनमध्ये असे होत नाही.) तसेच डंडर-मॉड्यूलमध्ये टाइप जेथून बोलावले गेले त्या मॉड्यूलचे नाव भरले जाते. क्लास घडवणारे फंक्शन तुम्ही सामायिक उपयोगाच्या दुसऱ्या फाइलमध्ये ठेवले असेल, तर सर्व क्लासांचा पत्ता त्या फाइलचा पडेल आणि पिकल चुकीच्या दारात जाऊन उभे राहील. म्हणून डिक्शनरीत डंडर-मॉड्यूल स्वतः लिहावे. स्टँडर्ड लायब्ररीलाही हा त्रास झाला आहे: मेक-डेटाक्लासने तयार केलेल्या डेटाक्लासांचा (फील्डांच्या यादीवरून नेहमीच्या मेथड आपोआप मिळणाऱ्या क्लासांचा) पत्ता बराच काळ चुकीचा, टाइप्स या मॉड्यूलचा, पडत असे, आणि मॉड्यूल सांगण्याची सोय ३.१२ मध्ये आली. नेम्ड-टपलला (फील्डांना नावे असलेल्या टपलचा क्लास बनवणारे फंक्शन) ती ३.६ पासूनच आहे.

पिकल करताना आणखी एक तपासणी होते: त्या पत्त्यावर सापडलेला क्लास आणि हातातील ऑब्जेक्टचा क्लास एकच आहे का. मॉड्यूल रीलोड करून क्लास पुन्हा घडवले असतील, तर नाव-पत्ता जुळूनही "हे तेच ऑब्जेक्ट नाही" अशी एरर येते. जुना_लिपिक यांना भेटलेले जुळे भाऊ ते हेच.

खरे तर तुमच्या कामात रेकॉर्डची ऑब्जेक्टे पाठवण्याचीच गरज दिसत नाही. पूलला कच्च्या ओळींचे गठ्ठे द्या आणि ऑब्जेक्ट पलीकडे तयार करा. स्ट्रिंग पिकल करणे स्वस्त पडते आणि तिला पत्ता लागत नाही. निकाल परत आणताना मात्र वरचे सर्व नियम लागू होतील, म्हणून तेही साध्या टपलमध्ये आणावेत.

रात्रपाळी

आपणा सर्वांचे आभार. डिस्क्रिप्टर करून पाहिला, शेरा जागच्या जागी गेला. कच्च्या ओळी पाठवल्यावर विंडोजवरही पूल चालला.

जुना_लिपिक यांच्या प्रश्नाचे उत्तर देतो. ४३ पैकी ३९ प्रकारांत खरोखरच केवळ मांडणीचा फरक आहे. उरलेल्या चारांत वागणूक वेगळी आहे: उदाहरणार्थ कर्जहप्त्याच्या रेकॉर्डमध्ये मुद्दल व व्याज यांची बेरीज हप्त्याच्या रकमेशी जुळते का हे पाहावे लागते, आणि शेवटच्या बेरजेच्या रेकॉर्डला तर फाइलमधील सर्व व्यवहारांची बेरीज लागते. शिवाय तपासणीचे नियम लिहिणाऱ्या सहकाऱ्याला टिंब टाकल्यावर एडिटरने फील्डांची नावे सुचवायला हवी आहेत. त्यामुळे एकच सर्वसाधारण क्लास पुरेसा नाही, आणि फाइल लिहून काढण्याची सूचना मला सर्वांत पटली. फक्त शंका एवढीच की फाइल लिहून काढणे म्हणजे पुन्हा स्ट्रिंग जोडून कोड बनवणे. मग एक्झेकला नाक मुरडण्यात अर्थ काय राहिला?

अर्धविराम

शंका योग्य आहे. एक्झेक हे पाप आहे असे मीही म्हणत नाही. डेटाक्लासचा डेकोरेटर डंडर-इनिट आणि इतर मेथड तयार करताना कोडची स्ट्रिंग जोडून एक्झेकच वापरतो. नेम्ड-टपल तर ३.७ पूर्वी संपूर्ण क्लासचाच मजकूर एका साच्यात भरून एक्झेक करत असे. त्याला वेळ लागतो अशी तक्रार होती, म्हणून ३.७ मध्ये फक्त डंडर-न्यू ही एक मेथड मजकुरातून आणि बाकीचा क्लास टाइपमधून, अशी वाटणी झाली.

फरक पडतो तो स्ट्रिंगमध्ये काय शिरू देतो यामुळे. नेम्ड-टपल प्रत्येक नाव आयडेंटिफायर म्हणून वैध आहे का, कीवर्ड तर नाही ना, दोनदा तर आले नाही ना, हे आधी तपासते आणि मगच साच्यात भरते. तुमच्या तक्त्यातील शीर्षक तपासल्याशिवाय कोडमध्ये गेले, तर तक्ता भरणारा मनुष्य तुमच्या संगणकावर कोड चालवू शकतो, मग तो हेतूने असो वा एखाद्या अवतरणचिन्हाच्या चुकीने. फाइल लिहून काढली तरी हा धोका तसाच राहतो, पण चालण्याआधी ती कोणाच्या तरी नजरेखालून जाते आणि एरर आली तर ओळ क्रमांक मिळतो. एक्झेक केलेल्या स्ट्रिंगमधील एररच्या मागोव्यात, विशेष सोय केली नसेल तर, कोडची ओळच दिसत नाही.

ताकभात

तपासणीचा विषय निघालाच आहे तर विचारतो, तक्त्यातील शीर्षके मराठीत आहेत का?

पायथन ३ मध्ये आयडेंटिफायर देवनागरीत चालतात. खातेक्रमांक, रक्कम, हप्त्याची_तारीख ही सारी वैध नावे आहेत, मात्रा आणि हलन्त यांसकट. कीवर्ड मात्र इंग्रजीच राहतात. "खाते क्र." चालणार नाही, कारण त्यात मोकळी जागा आणि टिंब आहे. मात्र टाइप या फंक्शनला त्याचे काहीच वाटत नाही: क्लासच्या नावात किंवा डिक्शनरीच्या किल्लीत मोकळी जागा असली तरी ते मुकाट्याने क्लास बनवून देते, आणि मग ते फील्ड गेट-अ‍ॅट्रशिवाय कोणालाही वाचता येत नाही.

आपल्यासाठी खास फजिती पुढे आहे. "व्यापाऱ्याचा_संकेतांक" हे नाव दोन प्रकारे टंकित होऊ शकते. त्यातील अर्धा र नुक्त्याच्या ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून लिहिता येतो, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक घालूनही. पडद्यावर दोन्ही एकसारखी दिसतात. पहिले वैध आयडेंटिफायर आहे, दुसरे नाही, कारण जोडक हे चिन्ह पायथनला आयडेंटिफायरमध्ये मान्य नाही. स्ट्रिंगची इझ-आयडेंटिफायर ही मेथड हा फरक बरोबर सांगते. दुसरी गोष्ट: कोडमध्ये लिहिलेली नावे पायथन वाचतानाच एनएफकेसी या युनिकोड रूपात आणतो, पण डिक्शनरीच्या किल्ल्या म्हणून दिलेल्या स्ट्रिंगना तो हात लावत नाही. त्यामुळे तक्त्यातून आलेले प्रत्येक नाव आधी त्याच रूपात आणावे, जोडक काढून त्याआधीच्या र च्या जागी ऱ घालावा, आणि मग तपासावे. नुसता जोडक काढला तर "व्यापार्याचा" असे भलतेच दिसू लागेल.

रात्रपाळी

शीर्षके मराठीतच आहेत, आणि आपण सांगितलेला जोडक सहा ठिकाणी निघाला. धन्यवाद.

आता रचना अशी केली आहे. स्क्रिप्ट तक्ता वाचते, नावे स्वच्छ करून तपासते आणि ४३ डेटाक्लास असलेली फाइल लिहून काढते. पहिल्या ओळीत "ही फाइल हाताने बदलू नये" अशी टीप आहे. विशेष वागणुकीचे चार क्लास मी दुसऱ्या फाइलमध्ये हाताने लिहिले असून ते निघालेल्या क्लासांचे वारस आहेत. बेस क्लासच्या डंडर-इनिट-सबक्लासमध्ये रेकॉर्डचा दोन अंकी प्रकार कीवर्ड आर्ग्युमेंट म्हणून घेतो आणि नोंदवहीत क्लास नोंदवतो. एका प्रकारावर दोन क्लास आले तर एरर देतो. हाताने लिहिलेल्या चारांना "बदली" असे दुसरे आर्ग्युमेंट देऊन सूट दिली आहे.

येथपर्यंत सर्व ठीक होते. दिवसाला दोन लाखांच्या आसपास ओळी असल्याने मेमरी वाचवावी म्हणून डेटाक्लासला स्लॉट्स चालू केले, आणि पहिल्याच क्लासला "आवश्यक आर्ग्युमेंट मिळाले नाही" अशी टाइप-एरर आली. आर्ग्युमेंट तर समोर लिहिलेले दिसत आहे.

उंबरठा

स्लॉट्स जन्मतःच द्यावे लागतात, असे अर्धविराम यांनी वर सांगितले आहे. डेटाक्लासचा डेकोरेटर मात्र क्लास जन्मल्यावर चालतो. म्हणून ३.१० मध्ये ही सोय आली तेव्हापासून, स्लॉट्स मागितले की तो जुन्या क्लासची डिक्शनरी घेऊन, तीत स्लॉट्स घालून, दुसराच क्लास घडवतो आणि तो परत करतो. त्या दुसऱ्या जन्माच्या वेळी डंडर-इनिट-सबक्लास पुन्हा बोलावली जाते, आणि या वेळी तुमची कीवर्ड आर्ग्युमेंटे तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. अधिकृत दस्तऐवजातही ही सूचना आहे.

प्रकार आणि "बदली" ही दोन्ही कीवर्ड म्हणून न देता क्लासच्या अंगात अ‍ॅट्रिब्यूट म्हणून लिहावीत. ती डिक्शनरीबरोबर दुसऱ्या क्लासकडे जातात. फक्त त्यांना टाइपचे अ‍ॅनोटेशन साधे देऊ नये, नाहीतर डेटाक्लास त्यांनाही फील्ड समजेल. क्लास-व्हार असे अ‍ॅनोटेशन द्यावे किंवा मुळीच देऊ नये. आणि "बदली" वारशाने खाली झिरपू नये म्हणून ती क्लासच्या स्वतःच्या डिक्शनरीतूनच वाचावी.

एवढे केल्यावर दुसरी एरर येईल, ती तुमच्याच दुहेरी नोंदीच्या तपासणीची, कारण प्रत्येक क्लास आता दोनदा नोंदवला जातो. तेथे नोंदवहीत असलेला आणि नव्याने आलेला यांचे मॉड्यूल व पूर्ण नाव दोन्ही जुळत असतील, तर एरर न देता जुन्याच्या जागी नवा ठेवावा. जुना तसाच राहू दिला, तर नोंदवहीतून बिनस्लॉट्सचे ऑब्जेक्ट तयार होत राहील.

रात्रपाळी

बरोबर तसेच झाले, दुसरी एररसुद्धा. अ‍ॅट्रिब्यूट अंगात घेतले, नोंदीची तपासणी बदलली, आणि दोन्ही संगणकांवर कालची पूर्ण फाइल वाचून झाली.